नातीच्या कार्डात काय लिहू? 'लीबेन', 'लीपहाबेन' की 'म्योगेन'?

मधुमालती

नमस्कार मंडळी. माझा मुलगा फ्रायबुर्गला असतो, सून तिथलीच आहे. नात पुढच्या महिन्यात पाच वर्षांची होईल. तिला मराठी समजतं, थोडं बोलतेही, पण मनातलं काही सांगायचं झालं की जर्मनच बाहेर पडतं. फोन ठेवताना हमखास म्हणते, "आजी, इश हाब डिश लीप!" (माझा तुझ्यावर जीव आहे.) मी म्हणते, "मी पण गं सोन्या."

यंदा वाढदिवसाला पोस्टाने कार्ड पाठवायचं आहे आणि ते हाताने, जर्मनमध्ये लिहायचं आहे. सुनेसाठी आणि विहीणबाईंसाठीही चार ओळी त्याच पाकिटात घालीन म्हणते. कोथरूडमध्ये क्लासला जाते, ए-वनचं, म्हणजे पहिल्या पातळीचं, पुस्तक संपत आलं आहे. त्यात 'लीबेन' (प्रेम करणं) हे क्रियापद सुरुवातीच्या तक्त्यातच दिलंय: इश लीबे, डू लीप्स्ट, एअर लीप्ट. सोपं आहे, पाठही झालं. पण नात ते कधीच वापरत नाही, आणि सून तिच्याशी बोलताना मी ते कधी ऐकलं नाही. मग नातीला कोणतं क्रियापद, सुनेला कोणतं आणि विहिणीला कोणतं? आणि नात म्हणते ते नीट चालवतात कसं? मला तयार वाक्य नकोय. क्रियापद हाताशी असलं की पुढच्या वर्षी कोणाला न विचारता लिहिता येईल.

धातुरूप

ताई, प्रश्न आवडला. पुण्यात बरीच वर्षं जर्मन शिकवते आहे, त्यामुळे जरा विस्ताराने लिहिते.

नात म्हणते ते क्रियापद 'लीपहाबेन'. याचे दोन तुकडे आहेत. 'लीप' म्हणजे लाडकं, प्रिय. 'हाबेन' म्हणजे जवळ असणं. चालतं ते फक्त 'हाबेन'. 'लीप' बदलत नाही, साध्या वाक्यात ते शेवटी जाऊन बसतं. इश हाबे डिश लीप, डू हास्ट मिश लीप, एअर हाट झी लीप, वीअर हाबेन डिश लीप, ईअर हाप्ट उन्स लीप, झी हाबेन ईन लीप. म्हणजे अनुक्रमे मी तुला, तू मला, तो तिला, आम्ही तुला, तुम्ही सगळे आम्हाला, ते त्याला. बोलताना 'हाबे'मधला शेवटचा स्वर गळतो म्हणून नात 'हाब' म्हणते. घरगुती कार्डात तसंच लिहिलं तरी चालतं.

मधे कितीही शब्द आले तरी 'लीप' शेवट सोडत नाही: इश हाब डिश आउख झेअर लीप ('आउख' म्हणजे पण, 'झेअर' म्हणजे खूप). प्रश्न विचारताना 'हास्ट डू मिश लीप?' भूतकाळात 'इश हाटे डिश लीप'. पूर्ण काळात 'गे' मधेच शिरतो: इश हाबे डिश इमर लीपगेहाप्ट. आणि 'कारण'ने, म्हणजे 'वाइल'ने सुरू होणाऱ्या उपवाक्यात 'हाबे'च शेवटी जातं, तेव्हा दोन्ही तुकडे शेजारी येतात: वाइल इश डिश लीपहाबे. हा शब्द तोडून लिहायचा की जोडून, यावर वर्गात नेहमी वाद होतो. १९९६ च्या शुद्धलेखन सुधारणेने तोडून लिहायला सांगितलं होतं, २००६ पासून दोन्ही मान्य आहे.

उच्चाराचं एक सांगते. 'लीबे'मध्ये ब आहे, पण 'लीप', 'लीप्स्ट', 'लीप्ट'मध्ये प ऐकू येतो. लिहिताना मात्र सगळीकडे ब चंच अक्षर. शब्दाच्या किंवा अक्षरगटाच्या शेवटी आलेला ब जर्मनमध्ये कठोर होतो. कार्ड हाताने लिहिणार आहात, म्हणून मुद्दाम लिहिलं.

आता "मी पण". याचं सरळ 'इश आउख' करू नका. लीपहाबेनला कर्म लागतं, आणि ते गाळलं की ऐकणारा मिश्किलपणे विचारतो, "तुझाही तुझ्यावरच जीव?" म्हणा 'इश डिश आउख'. मी, तुला, पण. तीन शब्द, आणि नात खूश.

वायरमन

मधेच विचारतो, माफ करा. सांगलीला आयटीआय केलंय, इलेक्ट्रिशियन आहे, आता जर्मन शिकतोय. आमचे सर 'इख' म्हणायला लावतात, व्हिडिओत 'इश' ऐकू येतं, इथे सगळे 'इश' लिहितायत. परीक्षेत काय बोलायचं?

राईनकाठ

@वायरमन, दोन्ही पूर्ण बरोबर नाहीत, 'इश' जास्त जवळचं आहे. तो आवाज आपल्या श आणि ह च्या मधला. 'य' म्हणायला जीभ जिथे जाते तिथे ठेवा, आणि आवाज न काढता नुसती हवा सोडा. आरशासमोर थोडा वेळ केलंत की जमेल.

'ख' कुठे येतो तेही लिहून ठेवा. आ, ओ, उ, आउ यांच्यानंतर तीच दोन अक्षरं घशातून येतात: आउख, बूख, मॉख्टे. इ, ए, यो, यु यांच्यानंतर मात्र ती पुढे, टाळूशी येतात: इश, डिश, म्योश्टे. म्हणजे 'म्योगेन' या एकाच क्रियापदात दोन्ही आवाज सापडतात. मॉख्टे म्हणजे आवडायचं, म्योश्टे म्हणजे हवं आहे.

मी कोलोनला असतो, इथे तर सगळे स्वच्छ 'श'च म्हणतात. बर्लिनमध्ये 'इक' ऐकाल, बायर्नमध्ये (बव्हेरियात) नुसतं 'इ', आणि स्वित्झर्लंडमध्ये तुमच्या सरांचा 'ख'.

श्टुटगार्टची_सई

धातुरूप बाईंनी क्रियापद चालवलं, मी ते इथे चालतं कसं ते सांगते.

ताई, तुमचं निरीक्षण बरोबर आहे. 'इश लीबे डिश' इथे फार जपून वापरतात. नवरा-बायको, प्रेमात पडलेली जोडपी, आणि तिथेही बऱ्याच काळाने. एखाद्याने ते पहिल्यांदा म्हटलं की नात्याचा टप्पा बदलतो. आई-मूल, आजी-नातवंडं, बहिणी, जिवाभावाच्या मैत्रिणी यांच्यात रोज धावतं ते लीपहाबेन. माझा मुलगा किटात (बालवाडीत) जायला लागल्यापासून दारात रोज हेच ऐकते. मुलं शिक्षिकेलाही म्हणतात, आणि ती "इश डिश आउख" म्हणते. आमच्या स्वाबियन शेजीबाई 'झेअर'च्या जागी 'आर्ग' वापरतात: "इ हाब डी आर्ग लीब." फ्रायबुर्गलाही तुमच्या नातीच्या कानावर 'आर्ग' पडत असेल.

त्याखालची पायरी म्योगेन. इश माक डिश म्हणजे तू मला आवडतोस, आपलं जमतं. मैत्रीत, ऑफिसात, शेजारात चालतं. हे क्रियापद जरा आडमुठं आहे: इश माक, डू माक्स्ट, एअर माक, पण वीअर म्योगेन, ईअर म्योक्ट, झी म्योगेन. एकवचनात 'आ', अनेकवचनात 'यो'. आणि 'मी' व 'तो' यांचं रूप एकच, त्याला शेपूट नाही.

या दोघांच्या मधे 'गेर्न हाबेन' येतं. इश हाब डिश गेर्न हे गोड आहे. पण "डेअर कान मिश माल गेर्न हाबेन!" असं कोणी फणकाऱ्याने म्हणालं तर त्याचा अर्थ 'गेला उडत'. शब्द तेच, सूर वेगळा. त्यामुळे ए-वनवाल्यांनी कार्डात हे लिहू नये असं माझं स्पष्ट मत.

क्रॉइत्सबेर्ग_केदार

सईताई, श्टुटगार्टला असेल तसं. बर्लिनमध्ये माझ्या वयाची मुलं 'लीबेन' अगदी सढळ हाताने वापरतात. मैत्रिणीने नवी पिशवी दाखवली की "लीब इश!" नूडल्स चांगल्या झाल्या की "लीब इश!" २००३ मध्ये मॅकडोनल्ड्सने 'इश लीबे एस' ही घोषणा काढली, जगभरची ती मोहीम म्युनिकमधूनच सुरू झाली होती. आता त्या वाक्यात कोणालाही काही वावगं वाटत नाही.

लीपहाबेनचाही संक्षेप आहे. एसेमेसच्या जमान्यात जागा वाचवायला तीन अक्षरं टाकायचे: हा-डे-एल, म्हणजे हाब डिश लीप. पुढे ते पाच अक्षरांवर गेलं: हाब डिश गान्त्स डॉल लीप, 'गान्त्स डॉल' म्हणजे खूप खूप. माझ्या सहकारी बायका आजही गमतीत वापरतात.

श्टुटगार्टची_सई

केदार, पिशवी आणि नूडल्सवर प्रेम करायला कोणाची ना नाही. तुझ्या त्याच मैत्रिणीला विचार, ती तुझ्याकडे बघून पूर्ण वाक्य म्हणेल का? वस्तूला 'लीबे' आणि माणसाला 'लीबे' यात इथे जमीन-अस्मानाचा फरक आहे. मी माणसांबद्दल बोलतेय.

क्रॉइत्सबेर्ग_केदार

ते मान्य. माणसाला म्हणताना मीही दहादा विचार करीन. :)

जुनी_पानं

'लीबेन' जपून का वापरतात यावरून दोन किस्से आठवले. दोन्ही जर्मन राजकारणातले, दोन्ही नोंदलेले.

पहिला गुस्टाव हाइनेमान यांचा. ते १९६९ ते १९७४ पश्चिम जर्मनीचे राष्ट्राध्यक्ष होते. त्यांना विचारलं, तुमचं या राष्ट्रावर प्रेम आहे ना? ते म्हणाले, छे, मी राष्ट्रांवर प्रेम करत नाही, माझं प्रेम माझ्या बायकोवर आहे, संपलं! नाझी काळात देशप्रेमाच्या नावाखाली काय काय झालं ते त्या पिढीने पाहिलेलं होतं. 'लीबेन' हे क्रियापद त्यांनी घरापुरतं राखलं.

दुसरा एरिक मील्के यांचा. पूर्व जर्मनीच्या गुप्त पोलीस खात्याचे, श्टाझीचे, ते १९५७ पासून मंत्री. बर्लिनची भिंत ९ नोव्हेंबर १९८९ ला उघडली आणि चारच दिवसांनी, १३ नोव्हेंबरला, ते संसदेत बोलायला उभे राहिले. सगळ्यांना 'कॉम्रेड' म्हणू लागले तेव्हा एका सदस्याने हरकत घेतली, की इथे सगळेच कॉम्रेड नाहीत. मील्के गडबडले आणि म्हणाले, "इश लीबे... इश लीबे डोख आले, आले मेन्शेन!" माझं तर सगळ्यांवर प्रेम आहे, सगळ्या माणसांवर. ज्यांच्या खात्याने लोकांची पत्रं फोडली, घरात कान लावले, त्यांच्या तोंडून हे क्रियापद ऐकून सभागृह हसलं. हे सगळं टीव्हीवर थेट दिसत होतं. आजही जर्मनीत त्या पिढीतल्या कोणाला 'इश लीबे डोख आले' म्हणून बघा, लगेच नाव सांगतील.

व्याकरणाच्या दृष्टीने वाक्यात काही खोट नाही. कर्ता, क्रियापद, कर्म, सगळं जागच्या जागी आहे. पण ते क्रियापद कोणाच्या तोंडी शोभतं हे तक्त्यात लिहिलेलं नसतं.

रानजाई

वा, जुनी_पानं! मील्केंचा किस्सा माहीत नव्हता.

इझारकाठी

म्युनिकहून +१ सईला. बायर्नमध्ये तर 'लीबेन' बोलीत फारसं नाहीच. सगळ्या प्रेमाचा भार 'म्योगेन'वर. "इ मोग डी" म्हटलं की झालं. प्रमाण भाषेत 'इश माक डिश' सौम्य असेल, इथल्या बोलीत तेच वाक्य लग्नाच्या मागणीपर्यंत पुरतं. ऑक्टोबरफेस्टला गळ्यात घालायची मोठी मसालेदार बिस्किटं मिळतात, बदामाच्या आकाराची, 'लेबकूखेन'ची. त्यांच्यावर साखरेच्या अक्षरांत हेच लिहिलेलं असतं: 'इ मोग डी' नाहीतर 'इ हॉब डी लिअब'. दोरी रंगीत, कडेला साखरेची वेलबुट्टी, आणि चव म्हणाल तर दात मजबूत हवेत.

व्याकरणवेडा

मंडळी, एक महत्त्वाची गोष्ट राहतेय आणि मराठी माणसाला ती सगळ्यात सोपी जायला हवी.

लीबेन, लीपहाबेन, म्योगेन, उमआर्मेन (मिठी मारणं), क्युसेन (मुका घेणं) या सगळ्यांना कर्म लागतं, कर्ता 'मी'. इश माक डिश. पण मराठीत आपण "मी तू आवडतो" म्हणत नाही, "मला तू आवडतोस" म्हणतो. ज्याला आवडतं तो चतुर्थीत, जे आवडतं ते प्रथमेत, आणि क्रियापद आवडणाऱ्या वस्तूच्या मागे जातं. जर्मनमध्ये याच घडणीचं क्रियापद आहे: गेफालेन. डू गेफेल्स्ट मिअर, तू मला आवडतोस. डास बिल्ड गेफेल्ट मिअर, ते चित्र मला आवडतं. श्मेकेन तसंच: एस श्मेक्ट मिअर, मला चवीला आवडतं. आणि फेलेन: डू फेल्स्ट मिअर, म्हणजे तुझ्यावाचून मला करमत नाही. ताई, हे शेवटचं नातीला फोनवर जरूर म्हणा.

वर्गातली इंग्रजी माध्यमातली मुलं 'गेफालेन'शी झगडत बसतात, कारण ती आधी इंग्रजीत विचार करतात. तुम्ही थेट मराठीतून या, चतुर्थी आपोआप बरोबर पडेल. फक्त एक जपा. माणसाला 'डू गेफेल्स्ट मिअर' म्हटलं तर रोख दिसण्याकडे, आकर्षणाकडे जातो. विहिणीला नको.

क्रॉइत्सबेर्ग_केदार

आमचे बर्लिनकर मात्र चतुर्थी-द्वितीयेचा हिशेबच ठेवत नाहीत. जुन्या बर्लिनी बोलीत 'मिअर' आणि 'मिश' यांची सरमिसळ असते, "इक लीबे डिअर" हे वाक्य त्यासाठी प्रसिद्ध आहे. आमचे घरमालक आजोबा असंच बोलतात, आणि त्यांच्या तोंडून ते इतकं गोड लागतं की सुधारावंसं वाटत नाही.

धातुरूप

बर्लिनच्या आजोबांना सूट. वायरमन यांना परीक्षेत नाही!

कोल्हापूरकर_पैलवान

सगळं वाचलं, छान आहे. पण मला एक कळत नाही, आपल्यात असं तोंडावर बोलायची पद्धत कुठाय? आईने मला कधी 'माझं तुझ्यावर प्रेम आहे' म्हटलं नाही आणि मीही तिला नाही. म्हणून प्रेम कमी होतं का? हे रोज रोज म्हणणं जरा उथळ वाटतं.

मधुमालती

पैलवान, तुमच्या आईचं प्रेम कमी होतं असं कोण म्हणेल? पण आपल्यात बोलायची पद्धत नाही हे मात्र मला पटत नाही. माझ्या आजीच्या तोंडी दिवसभर "माझ्या राजा", "माझ्या बयो", "सोनुल्या" चालायचं. जात्यावरच्या ओव्यांत लेकीचं, भावाचं, लेकराचं किती उघड कौतुक आहे. 'लळा लागला', 'जीव लावला', 'माया केली' हे आपण म्हणतोच की. मधल्या पिढीत, शिकल्यासवरल्या घरांत, हे बोलणं मागे पडलं. मला ते परत हवं आहे. नातीच्या भाषेतून आलं तरी चालेल.

कोल्हापूरकर_पैलवान

ओव्यांचं म्हणणं पटलं ताई. आमच्या आत्या अजून म्हणतात. तरी पुरुषमाणसांनी कधी म्हटलेलं ऐकलं नाही बघा.

राईनकाठ

आमच्या ऑफिसातले एक जर्मन आजोबा सांगत होते, त्यांच्या वडिलांनीही त्यांना कधी म्हटलं नाही. युद्धानंतरच्या वर्षांतले बाप तिथेही गप्पच असायचे. आता तेच आजोबा नातवाला फोनवर 'हाब डिश लीप' म्हणतात. पद्धत बदलते.

एल्बेची_लाट

हॅम्बुर्गहून थोडं अवांतर, पण मायेच्याच क्रियापदांबद्दल. लहान मुलं आणि कुत्री-मांजरी असलेल्या घरी 'कुशेल्न' आणि 'श्ट्राइशेल्न' ही दोन लागतातच. कुशेल्न म्हणजे कुशीत शिरून पडून राहणं, श्ट्राइशेल्न म्हणजे कुरवाळणं. ही 'एल्न' शेवटाची क्रियापदं. 'इश'बरोबर मधला ए गळतो: इश कुशले, इश श्ट्राइशले. पण डू कुशेल्स्ट, आणि वीअर कुशेल्न, तिथे शेवटी नुसता न, 'एन' नाही. किटात गादी-उशांचा एक कोपरा असतो त्याला 'कुशेलएके' म्हणतात, आणि झोपताना घ्यायच्या कापडी प्राण्याला 'कुशेलटीअर'. नातीकडे एखादा असेलच, कार्डात त्याची विचारपूस करा.

नव्याने येणाऱ्यांसाठी: रस्त्यात कोणाचं कुत्रं दिसलं की थेट हात लावू नका. आधी विचारा, "डार्फ इश ईरेन हुंट श्ट्राइशेल्न?" बहुतेक जण हो म्हणतात आणि मग कुत्र्याचं नाव, वय, आवडीनिवडी सगळं सांगतात. माझ्या इथल्या निम्म्या ओळखी अशाच झाल्या.

वायरमन

'क्युसेन'चं पण सांगा की. पुस्तकात 'डू' आणि 'एअर' दोघांना एकच रूप दिलंय, छपाईची चूक वाटली.

धातुरूप

चूक नाही. मूळ रूपाच्या शेवटी स असेल तर 'डू'च्या 'स्ट'मधला स त्यातच मिसळतो. म्हणून डू क्युस्ट, एअर क्युस्ट, ईअर क्युस्ट, तिन्ही सारखीच. जुन्या पुस्तकात इथे वेगळंच अक्षर दिसेल, बी सारखं दिसणारं. १९९६ च्या सुधारणेने ऱ्हस्व स्वरानंतर त्या जागी दोन स आले. जुनं पुस्तक हातात असेल तर तेवढं बदलून वाचा.

'उमआर्मेन' म्हणजे मिठी मारणे, यातला 'उम' कधीच सुटत नाही, आणि पूर्ण काळात 'गे' लागत नाही: इश हाबे झी उमआर्म्ट. 'लीपहाबेन' शिकल्यावर मुलं इथेही 'उम' शेवटी ढकलतात. जोर कुठे पडतो ते ऐका. जोर 'आर्म'वर आहे, म्हणून तुकडा जागचा हलत नाही.

मधुमालती

खूप खूप आभार सगळ्यांचे. काल रात्री बसून मसुदा केला, बघा बरं.

नातीला: माइन शात्स, इश हाब डिश गान्त्स डॉल लीप उंड ड्र्युके डिश गान्त्स फेस्ट! डाइने आजी. (सोन्या, माझा तुझ्यावर खूप खूप जीव आहे आणि तुला अगदी घट्ट कुशीत घेते! तुझी आजी.)

सुनेला: वीअर हाबेन डिश झेअर लीप. श्योन, डास एस डिश गिप्ट. (हे दुसरं वाक्य तिनेच एकदा माझ्या वाढदिवसाला लिहिलं होतं: तू आहेस हे किती छान.)

विहीणबाईंवर अडले आहे. आम्ही दोनदाच भेटलो आहोत, त्या माझ्याहून थोड्या मोठ्या. लग्नात त्यांनी मला घट्ट जवळ घेतलं होतं, पण आमचं 'डू' (तू) की 'झी' (तुम्ही) ते काही ठरलं नाही, सगळं मुलाच्या मध्यस्थीनेच चालतं.

धातुरूप

पहिल्या दोन्हींत एक काना इकडचा तिकडे करू नका. 'ओमा'ऐवजी 'आजी' ठेवलंत ते फार छान. मजकुरातलं 'डिश' लहान अक्षराने लिहा किंवा मोठ्या, पत्रात २००६ पासून दोन्ही चालतं.

श्टुटगार्टची_सई

ताई, सुनेचं वाक्य सुनेलाच परत, वा!

विहीणबाईंचं असं. इथे व्याही-विहिणी लेकरांच्या लग्नानंतर बहुधा 'डू'वरच येतात. रिवाज असा की वयाने मोठी व्यक्ती 'डू' देऊ करते, आणि तुमच्यात त्या मोठ्या. तेव्हा मुलाला विचारा, त्या तुमच्याबद्दल बोलताना तुमचं पहिलं नाव घेतात का. घेत असतील तर बिनधास्त 'लीबे' आणि पुढे त्यांचं नाव, असा मायना लिहा, आणि शेवटी 'फ्यूल डिश उमआर्म्ट', म्हणजे माझी मिठी पोचली असं समज. लग्नातल्या त्या मिठीला साजेसं आहे. तिथे 'लीपहाबेन' अजून नको, दोन भेटींत तेवढं अंतर कापलेलं नसतं. 'झी'च ठेवायचं असेल तर 'हेर्त्सलिशे ग्र्यूसे' (मनापासून नमस्कार) लिहून मोकळ्या व्हा.

व्याकरणवेडा

सईशी सहमत, एक भर. मायन्यातलं 'लीबे' हे क्रियापद नाही, विशेषण आहे. बाईला 'लीबे', पुरुषाला 'लीबर'. व्याह्यांनाही लिहिणार असाल तर 'लीबर'. आणि हे 'लीबे' कोणालाही लिहितात, बँकेतल्या ओळखीच्या बाईलासुद्धा. त्यातून प्रेमाची कबुली निघत नाही.

मधुमालती

मुलाला विचारलं. त्या माझं पहिलंच नाव घेतात म्हणे, आणि मला थेट फोन करायला लाजतात कारण त्यांना इंग्रजी जमत नाही! मग 'डू' आणि 'उमआर्म्ट' नक्की. पाकीट सोमवारी टाकते.

वायरमन

ताईंचं काम झालं, आता माझं बघा. २०२४ साली महाराष्ट्र सरकार आणि बाडेन-व्युर्टेंबर्ग यांच्यात कुशल कामगारांचा करार झाला, तेव्हापासून आमच्याकडे बरीच मुलं जर्मनच्या मागे लागलीत. माझी ए-वन पुढच्या महिन्यात आहे. तोंडी परीक्षेत स्वतःबद्दल सांगताना आवडीनिवडी येतात. तिथे 'लीबे' म्हणू का 'माक'?

धातुरूप

दोन्ही बाजूला ठेवा. काही करायला आवडतं असं सांगताना 'गेर्न' वापरा, ते सगळ्यात सहज येतं. क्रियापद नेहमीसारखं चालवायचं आणि 'गेर्न' त्याच्या मागे: इश श्पीले गेर्न क्रिकेट. इश कोखे गेर्न. त्याहून जास्त आवडत असेल तर 'लीबर': इश ट्रिंके लीबर टे, म्हणजे मला चहा प्यायला जास्त आवडतो. सगळ्यात जास्त असेल तर 'आम लीब्स्टेन'. म्हणजे 'गेर्न'ची पुढची दोन रूपं आपल्या 'लीप'च्याच घरची. वस्तू आवडते असं सांगायला मात्र 'माक' घ्या: इश माक टे. आणि काही मागायचं असेल तर 'इश म्योश्टे', 'इश माक' नको. चित्र दाखवून विनंती करायची असते तिथे हे लागेलच.

श्टुटगार्टची_सई

वायरमन, इथे आलात की कळवा. 'ड्र्युकेन'चा एक वापर राहिला होता, तो तुमच्यासाठी. वीअर ड्र्युकेन डिअर डी डाउमेन! अंगठे मुठीत दाबून धरायचे आणि तुमच्या यशाची इच्छा करायची. इथे 'डिश' नाही, 'डिअर', कारण दाबायचे आहेत ते अंगठे, तुम्हाला नाही.

वायरमन

डांके सगळ्यांना. डिअर आणि डिश वहीत दोन रकान्यांत लिहून घेतलं. सई ताई, श्टुटगार्टमध्ये खोलीचं भाडं साधारण काय पडतं, की त्यासाठी वेगळा धागा काढू?

श्टुटगार्टची_सई

वेगळा काढा, तिथे सविस्तर लिहिते.